बायनरी ट्री: प्रीऑर्डर नंबरवरून लेव्हल ऑर्डर नंबर काढायचाय, अर्धी उत्तरं चुकतात (तातडीने मदत हवी)

कडीपत्ता:
नमस्कार मंडळी. बायनरी ट्रीतल्या (प्रत्येक नोडला फार तर दोन पोरं) नोडना प्रीऑर्डरने (आधी मूळ, मग पूर्ण डावी बाजू, मग उजवी) नंबर दिलेले आहेत, मला त्याच नोडचा लेव्हल ऑर्डरमधला (वरून खाली, थराथराने डावीकडून उजवीकडे) नंबर हवाय. कोड लिहिलाय, पण अर्धी उत्तरं बरोबर आणि अर्धी भलतीच. लॅपटॉप ऑफिसचा आहे, कोड इथे चिकटवता येत नाही. उद्या सकाळी दाखवायचंय. जिथे बघावं तिथे 'आधी ट्री बांधा, मग फिरा' एवढंच सांगतात. ते नकोय. थेट हिशोब कोणाला माहीत आहे का?

लोकल_सव्वासात:
आधी झाड कसलं ते सांगा. सगळे थर पूर्ण भरलेले, शेवटचा थर अर्धवट, की कसंही वाढलेलं? कसंही वाढलेलं असेल तर नुसत्या प्रीऑर्डर नंबरवरून काहीही कळणार नाही.

कडीपत्ता:
बायनरी ट्रीच आहे हो. नॉर्मल.

लोकल_सव्वासात:
'नॉर्मल' असा प्रकार नसतो.

रिकर्शनराव:
पायथॉन असणार. तिथे रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) मर्यादा मुळात १००० असते, ती वाढवा. माझं एकदा असंच अडलं होतं, वाढवली आणि सुटलं.

लोकल_सव्वासात:
मर्यादा ओलांडली तर प्रोग्राम आपटतो, चुकीचं उत्तर देत बसत नाही. इथे उत्तर येतंय.

कडीपत्ता:
जावा आहे. आणि हो, झाड पूर्ण भरलेलं, सगळी पानं (पोरं नसलेले नोड) एकाच थरात. थर जास्तीत जास्त ३०. कोणीतरी मुद्द्याचं बोला प्लीज.

शेवगा:
मग एवढं डोकं कशाला खाजवताय? एकदा प्रीऑर्डरने फिरा, अ‍ॅरेत नंबर भरून ठेवा, विचारलं की बघून सांगा. दहा ओळींचं काम.

लोकल_सव्वासात:
३० थर म्हणजे १,०७,३७,४१,८२३ नोड. नुसते इंट (चार बाइटचे पूर्णांक) ठेवले तरी चार जीबी.

शेवगा:
आजकाल सोळा जीबी रॅम सर्रास असते.

लोकल_सव्वासात:
एका नंबरसाठी चार जीबी? धन्य आहे.

पाटीपेन्सिल:
इनऑर्डर (आधी डावी बाजू, मग मूळ, मग उजवी) नंबर असते तर लूपसुद्धा लागला नसता. नंबर १ पासून धरा, बायनरीत लिहा आणि शेवटची शून्यं मोजा. जितकी शून्यं, तितका तो नोड पानांपासून वर. १५ नोडांच्या झाडात इनऑर्डर ६ घ्या: ११०. एक शून्य, म्हणजे पानांच्या लगेच वरचा थर. तो थर लेव्हल ऑर्डरमध्ये ४ पासून सुरू होतो. आता शेवटचा १ आणि त्याच्या मागचं शून्य खोडा, उरला १. ४ + १ = ५. झालं उत्तर. इतकं देखणं दुसऱ्या कुठल्याच क्रमात नाही.

कडीपत्ता:
मी इनऑर्डर विचारलंच नाहीये.

पाटीपेन्सिल:
माहितीये. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

दशमान:
प्रीऑर्डरला मुळापासून खाली उतरत जायचं. प्रत्येक पायरीला: नंबर मुळाचाच असेल तर थांबा. नसेल तर मुळाचा एक वजा करा. डाव्या उपवृक्षात, म्हणजे डावं पोर आणि त्याच्या खालचं सगळं, (आकार − १) / २ नोड असतात; आकार म्हणजे त्या पायरीला हातात असलेल्या झाडातले एकूण नोड. नंबर त्यात बसला तर डावीकडे जा आणि लेव्हल नंबर दुप्पट करा. नाही बसला तर तेवढे नोड वजा करून उजवीकडे, लेव्हल नंबर दुप्पट अधिक एक. लेव्हल नंबर १ पासून सुरू. ३० थरांना फार तर २९ पायऱ्या.

कडीपत्ता:
मी तंतोतंत हेच केलंय! तरी चुकतंय. १५ नोडांवर चालवलं तर ४ ला १६ येतं, ५ ला १८, ८ ला २२.

दशमान:
१५ नोडांच्या झाडात २२? म्हणजे लूप पानांच्याही खाली उतरतोय. तुमचे प्रीऑर्डर नंबर ० पासून आहेत का?

कडीपत्ता:
हो मग. ० पासूनच असतात की.

दशमान:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. मुळाचा एक वजा केल्यावर डाव्या बाजूचे ७ नोड ० ते ६ असे येतात. ७ आला की तो उजव्या बाजूचा पहिला. 'बसला का' हे बघताना तुम्ही 'लहान किंवा समान' लिहिलं असणार. नंबर १ पासून असते तर ते बरोबर होतं. ० पासून आहेत, म्हणून नुसतं 'लहान' करा. जे नोड कोणाचं तरी उजवं पोर आहेत, तेवढेच चुकत असणार. ७, ११, १२ आणि १४ चालवून बघा, तेही चुकतील. बाकीचे आठ बरोबर.

निवृत्त_मास्तर:
अवांतर: ही 'दुप्पट आणि दुप्पट अधिक एक' पद्धत संगणकाच्या फार आधीची आहे. १५९० साली ऑस्ट्रियाच्या मिखाएल आयट्झिंगरने पूर्वजांना असेच क्रमांक दिले होते. आपण १, वडील २, आई ३. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. आपल्या कुलवृत्तांतांत हे कोणी आणलं तर किती सोय होईल!

शेवगा:
मास्तर, कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून खाली येतो. एकेकाला सहा-सहा मुलं. दोन फांद्यांत कशी कोंबणार?

निवृत्त_मास्तर:
प्रत्येक व्यक्तीमागे पूर्वजांचा वेगळा तक्ता द्यायचा. मी आजोळच्या बाजूनेही सहा पिढ्या लावल्या आहेत. कोणाला पाहायच्या असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

कडीपत्ता:
धाग्यावर या हो. 'लहान' केलं, १५ च्या १५ बरोबर आले. ३० थरांनाही लगेच उत्तर. पण सरांनी आत्ता पोस्टऑर्डर (आधी दोन्ही बाजू, मूळ शेवटी) नंबरही मागितलाय. परत उलटा लूप लिहू का?

पाटीपेन्सिल:
गरज नाही. पोस्ट = प्री + उपवृक्षातले एकूण नोड (तो स्वतः धरून) − १ − खोली. खोली म्हणजे मुळापासून किती थर खाली, मुळाची खोली ०. प्रीऑर्डरमध्ये पूर्वज आपल्या आधी येतात आणि वंशज नंतर, पोस्टऑर्डरमध्ये बरोबर उलटं. म्हणून वंशज मिळवायचे, पूर्वज वजा करायचे. तुमचा ८ घ्या: ८ + ७ − १ − १ = १३. मूळ १४, त्याच्या लगेच आधी त्याचं उजवं पोर. पटलं? दोन्ही नंबर ० पासून असोत की दोन्ही १ पासून, सूत्र तेच, आणि झाड कसंही असलं तरी चालतं. खोली तुम्हाला लेव्हल नंबरवरून मिळेल: बायनरीत जितके अंक, त्यातून एक कमी.

कडीपत्ता:
जमलं. आभार सगळ्यांचे.

शेवगा:
अ‍ॅरेनेही जमलंच असतं.

नवाकोरा:
शेवटचा थर अर्धवट भरलेला असेल तर हेच चालेल का? माझं काम तसलं आहे, आजच हवंय.

लोकल_सव्वासात:
उतरायची रीत तीच. फक्त डाव्या बाजूचा आकार (आकार − १) / २ धरून चालणार नाही, शेवटच्या थरातले किती नोड डावीकडे पडतात ते दर पायरीला काढावं लागेल. नवा धागा काढा. एकूण नोड किती आणि नंबर ० पासून की १ पासून, हे पहिल्याच ओळीत लिहा.