एका कंपनीचा बेज दुसऱ्या कंपनीत हुबेहूब मिळतो का? (इंदूर)

सुदामानगरवाली:
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण रंगाच्या दुकानांना मी कंटाळले आहे. २०२२ च्या दिवाळीला आम्ही हॉल बेज केला होता. फिकट, ना पिवळा ना गुलाबी. तीन भिंती अजून छान आहेत. चौथीच्या मागे बाथरूम, तिथला पाइप झिरपला, पोपडे निघाले आणि मिस्त्रीने खालचं दोन फूट प्लास्टर फोडून नवं केलं. आता तेवढी एकच भिंत रंगवायची आहे.

अडचण अशी की ज्या दुकानातून तेव्हा रंग घेतला, तिथे आता दुसऱ्याच कंपनीचा माल असतो. नशिबाने डब्याचं झाकण माळ्यावर सापडलं, त्यावर शेड नंबर होता. दुकानदाराने तो मशीनमध्ये घातला आणि म्हणाला, "मैडम, सेम टू सेम निकलेगा." लिटरभर बनवून आणला, पेंटरने कोपऱ्यात वरच्या बाजूला हातभर लावून दाखवला. दिवसा अगदी ठीक. रात्री लाइट लावले तर गुलाबी! सासूबाई म्हणाल्या, "हिला लाली कोणी लावली?"

महालक्ष्म्या याच भिंतीशी बसतात, म्हणून घाई आहे. पेंटर म्हणतो चारही भिंती करून टाका. तो तेच म्हणणार! काय करू?

निखिल_पलासिया:
ताई, फोनवर शेड ओळखणारे अ‍ॅप आहेत. जुन्या भिंतीचा फोटो काढा, सगळ्या कंपन्यांचे जवळचे नंबर मिळतात. दुकानात जायचीही गरज नाही.

मशीनवाले काका:
निखिल, तू त्या फोटोवरून टी-शर्ट घे, भिंत रंगवू नकोस. फोनचा कॅमेरा उजेड बघून रंग आपल्या मनाने सुधारतो. एकाच भिंतीचा फोटो सकाळी नि संध्याकाळी काढ, अ‍ॅप दोन वेगळे नंबर देईल. बेजमध्ये तेवढा फरक म्हणजे दोन वेगळ्या शेड झाल्या.

ताई, मी सियागंजात रंगाच्या दुकानात मशीनवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी दुकानदाराची बाजू सांगतो. त्याने तुम्हाला फसवलेलं नाही. बऱ्याच मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कंपन्यांच्या नंबरांचे फॉर्म्युले भरलेले असतात. पण ते शेडकार्डावरच्या चौकोनाशी जुळवलेले असतात. तुमची भिंत आता कार्डासारखी राहिली आहे का? तिच्यावर ऊन आहे, उदबत्तीचा धूर आहे, स्वयंपाकघरातली फोडणी आहे.

आता रात्रीच्या गुलाबीचं. बेज पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ पांढऱ्या रंगात बनतो. त्यात पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा, असे अगदी थोडे थोडे स्टेनर, म्हणजे रंग आणणारे घट्ट द्रव पडतात. प्रत्येक कंपनीचा बेस वेगळा, स्टेनर वेगळे, त्यांचा जोर वेगळा. एक कंपनी ज्या मिश्रणाने त्या बेजला पोचते, दुसरी त्याने पोचत नाही. ती कुठे लाल वाढवते, कुठे पिवळाच दुसरा घेते. एका उजेडात दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. उजेड बदलला की वेगळे होतात. याला मेटामेरिझम म्हणतात. दुकानांतून बहुतेक ६५०० केल्विनचे पांढरेफेक एलईडी असतात, दिवसाच्या उजेडाच्या जवळचे. तुमच्या हॉलमध्ये मला वाटतं पिवळसर, ३००० केल्विनवाले असणार. त्या उजेडात लाल भाग जास्त, म्हणून नव्या रंगातला लाल वर आला. गडद रंगात हे खपून जातं. बेजला लपायला जागा नसते.

तेव्हा नंबर सोडा, भिंतीचा तुकडा न्या. शेजारच्या चांगल्या भिंतीवरून, सोफ्यामागून, ब्लेडने रंगाचा पापुद्रा काढा. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा आणि सपाट हवा. ओल्या फडक्याने हलकेच पुसून घ्या. आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेलं दुकान शोधा. रंग बनवायचं मशीन गल्लोगल्ली आहे, हे यंत्र सगळ्यांकडे नसतं, फोन करूनच जा. ते तुकड्यावर टेकवलं की रंग वाचतं आणि आपल्या कंपनीच्या बेसमध्ये त्याचा फॉर्म्युला काढतं. एक गोष्ट तिथे आवर्जून सांगा: "सिर्फ डे-लाइट में मत देखो, बल्ब वाली लाइट में भी फरक देखो." सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, पण सांगितल्याशिवाय सहसा कोणी बघत नाही. दोन फॉर्म्युले निघाले तर बल्बच्या उजेडात कमी फरकवाला घ्या, दिवसा किंचित इकडेतिकडे असला तरी चालेल. हॉलमध्ये माणसं बसतात रात्री.

सुदामानगरवाली:
काका, लाइट पिवळेच आहेत, फॉल्स सीलिंगमध्ये. तुम्ही घर बघून गेल्यासारखं सांगितलंत. मग तो रंग बनवून आणला की थेट भिंतीवर मारायचा?

मशीनवाले काका:
नाही! आधी लहान डबा बनवा. ड्रॉइंग शीटचा जाड तुकडा घ्या, त्याला प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात. रोलरनेच, कारण भिंतीवरही रोलरच फिरणार आहे आणि ब्रशचा पोत वेगळा दिसतो. रात्रभर वाळू द्या. इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं, वाळलं की गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका आणि पेंटरलाही घेऊ देऊ नका. मग तो तुकडा जुन्या भिंतीला टेकवून उभा धरा. टेबलावर आडवा ठेवून बघितला तर उजेड वेगळ्या कोनाने पडतो. सकाळी बघा, रात्री लाइट लावून बघा.

आणि फिनिश विचारा. जुना रंग शीनवाला, म्हणजे हलकी चमक असलेला होता का मॅट, म्हणजे बिनचमकीचा? समोरून दोन्ही सारखे दिसतील, पण खिडकीचा उजेड तिरका पडला की शीन चमकतं, मॅट मातकट वाटतं. मग लोक म्हणतात रंग चुकला. रंग बरोबरच असतो.

पास झाला की सगळा रंग एकाच डब्यात बनवून घ्या. दहा बाय बाराच्या भिंतीला दोन हातांना लिटर-दीड लिटर लागतो, तरी चार लिटरचा घ्या. लहान डब्यात स्टेनरचं माप इतकं बारीक होतं की मशीन एक टिपूस इकडेतिकडे सोडतं आणि तो बेजमध्ये दिसतो. एकेक लिटरचे दोन डबे तर नकोच.

भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण करा. फक्त खालच्या दोन फुटांचा पॅच केलात तर जगातला कोणताही बेज तो लपवणार नाही. कोपऱ्यात भिंत वळते, दोन्ही बाजूंना उजेड तसाही वेगळा पडतो, तिथे थोडा फरक डोळ्यांना कळत नाही.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. नवं प्लास्टर नि वर पावसाळा. प्लास्टरला वाळायला चार आठवडे तरी द्यावे लागतात, पावसात जास्तच. ओल्या प्लास्टरवर पुट्टी-रंग चढवलात तर क्षार बाहेर येऊन पांढरे डाग पडतील आणि तुम्ही पुन्हा रंगाला दोष द्याल. महालक्ष्म्यांच्या मागे या वर्षी जरीची साडी सोडा. रंग दसऱ्यानंतर.

वहिनी_राजवाडा:
काकांचं सगळं पटलं, पण मी एवढी उठाठेव केलीच नसती. चौथी भिंत सरळ वेगळ्या रंगाची करा ना, टेराकोटा नाहीतर गर्द हिरवी. जुळवायची कटकटच संपली. माझ्या जाऊबाईंनी टीव्हीमागची भिंत अशीच केली आहे, लोक विचारतात डिझायनर कोण.

मशीनवाले काका:
वहिनी, हाही मार्ग आहे, खोटं नाही. मात्र पाइप झिरपलेल्या भिंतीवर गर्द रंग पहिल्या वर्षी मी मारणार नाही. क्षाराचा ठिपका बेजवर झाकला जातो, गर्द हिरव्यावर लांबून दिसतो.

निखिल_पलासिया:
काका, शांत व्हा, अ‍ॅप उडवलं. पण असा काही नंबर नाही का जो सगळ्या कंपन्यांना कळतो?

मशीनवाले काका:
आहे. जर्मनीच्या राल नावाच्या रंगकार्डात १००१ नंबरला बेज आहे, १०१५ ला फिकट हस्तिदंती. ग्रिल नि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांवाले हेच नंबर बोलतात. ड्युलक्सच्या काही शेडना '३० वायवाय ७८/०३५' असा नंबर असतो. त्यात पहिला भाग रंगाचं कुळ, मधले ७८ म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो, शेवटचा रंगाचा जोर. असा नंबर दिला की निदान कोणत्या गल्लीत जायचं ते दुकानदाराला कळतं. पण जुन्या भिंतीशी जुळवायला तेही पुरत नाही.

सुदामानगरवाली:
ठरलं, दसऱ्यानंतर. सासूबाईंना साडीची कल्पना फारच आवडली, कोणती त्यावर आता वाद सुरू आहे. शेवटचं एक: पेंटर एकाच कंपनीचा आग्रह धरून बसलाय. आणि तुकडा स्विचबोर्डमागून काढला तर? तिथे भिंत खराब दिसणार नाही.

मशीनवाले काका:
डब्यात पेंटरसाठी कंपनीचं बक्षिसाचं टोकन निघतं, आग्रह त्या टोकनासाठी असू शकतो. त्यात गैर काही नाही. टोकन त्यालाच द्या, फक्त ज्या दुकानात तुकडा वाचायचं यंत्र आहे तिथलाच रंग घ्या.

स्विचबोर्डमागचा तुकडा नको. तिथे रंग २०२२ चाच राहिलेला असतो, ना ऊन ना धूर. तो जुळला तर नवी भिंत बाकी तिन्हींपेक्षा उजळ येईल. सोफ्यामागूनच काढा. उरलेल्या रंगातून ती जागा झाकून घ्या आणि बाकीचा रंग घट्ट झाकणाच्या लहान बरणीत भरून ठेवा. वर नंबर, फॉर्म्युल्याचं स्टिकर आणि तारीख चिकटवा.

सुदामानगरवाली:
स्टिकर झाकणावर नाही, बरणीवर. समजलं.

मशीनवाले काका:
आणि स्टिकरचा फोनवर फोटो. त्याला फोन चालतो, निखिल.