टॉमकॅट ९: वेब.एक्सएमएलमधला पॅरामीटर सर्व्हलेटमध्ये नल येतो

प्रश्न – नवी_ओळ
टॉमकॅट (जावा वेब-अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) वापरतोय. वेब.एक्सएमएल या अ‍ॅपच्या सेटिंग फाइलमध्ये कॉन्टेक्स्ट-पॅराम टॅगमध्ये 'अपलोडफोल्डर' दिलं आहे. सर्व्हलेटमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास) गेटइनिटपॅरामीटर('अपलोडफोल्डर') केलं की नल, म्हणजे रिकामं, मिळतं. स्पेलिंग तपासलं, कॅपिटल-स्मॉलही जुळतं. शिवाय टेस्ट आणि लाइव्ह सर्व्हरवर फोल्डर वेगळे आहेत. दर वेळी वॉर (अ‍ॅपची पॅक केलेली फाइल) बिल्ड न करता भागेल का?

उत्तर – अर्धविराम
एकाच नावाच्या दोन मेथड आहेत. सर्व्हलेटमध्ये थेट बोलावलेली मेथड फक्त त्या सर्व्हलेटच्या टॅगमधले इनिट-पॅराम बघते. कॉन्टेक्स्ट-पॅराम सगळ्या अ‍ॅपचा, म्हणून असं लिहा:

गेटसर्व्हलेटकॉन्टेक्स्ट().गेटइनिटपॅरामीटर('अपलोडफोल्डर')

व्हॅल्यू कायम स्ट्रिंगच येते. आकडा हवा असेल तर पार्सइंट करण्याआधी नल तपासा, नाहीतर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन ठरलेलं.

उत्तर – लॉगवाचक
वॉरला हात लावू नका. टॉमकॅटच्या कॉन्फ/कॅटलिना/लोकलहोस्ट फोल्डरमध्ये वॉरच्याच नावाची एक्सएमएल फाइल ठेवा. तिच्यात कॉन्टेक्स्ट टॅग, आत पॅरामीटर टॅग, त्याला नेम आणि व्हॅल्यू. ओव्हरराइड='फॉल्स' मात्र विसरू नका. एरवी तेच नाव वेब.एक्सएमएलमध्येही असेल तर तिथली व्हॅल्यू जिंकते आणि लाइव्हवर टेस्टचा फोल्डर वापरला जातो. एररही येत नाही, म्हणून हे शोधायला फार त्रासदायक.

नवी_ओळ
नल गेला, आभार. पण फोल्डर एकदाच वाचावा म्हणून इनिट(कॉन्फिग) ओव्हरराइड केलं, तर आता गेटसर्व्हलेटकॉन्टेक्स्टवरच नलपॉइंटरएक्सेप्शन येतं.

अर्धविराम
सुपर.इनिट(कॉन्फिग) बोलावायचं राहिलं असणार. त्यापेक्षा आर्ग्युमेंट नसलेलं इनिट() ओव्हरराइड करा, ते त्यासाठीच आहे.

लॉगवाचक
माझ्या मते हे वाचन सर्व्हलेटमध्ये नकोच. सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनरच्या (अ‍ॅप सुरू होताना चालणारा क्लास) कॉन्टेक्स्टइनिशिअलाइज्ड मेथडमध्ये करा. फोल्डर नसेल किंवा त्यात लिहिता येत नसेल तर तिथेच एक्सेप्शन टाका. लिसनर पडला की टॉमकॅट अ‍ॅप सुरूच करत नाही. सर्व्हलेटच्या इनिटमध्ये टाकलं तर डिफॉल्ट सेटिंगमध्ये बाकी अ‍ॅप चालू राहतं आणि गडबड पहिल्या अपलोडला कळते.

आणि टॉमकॅटच्या मॅनेजर पानावरून 'अनडिप्लॉय' (अ‍ॅप काढून टाकणं) केलं की वॉरबरोबर ती बाहेरची एक्सएमएलही पुसली जाते. तिची प्रत दुसरीकडे ठेवा.