मदत हवी आहे: इनटेक पोर्ट घासताना बर सतत भरतो, गॅस्केटच्या रेघेपर्यंत जावे का?

गॅरेजप्रेमी
नमस्कार. इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) उतरवले आहे, व्हॉल्व्ह काढले आहेत आणि पहिल्या सिलिंडरच्या इनटेक पोर्टचे, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेचे, काम घरीच सुरू केले आहे. दोन ठिकाणी अडलो आहे. कार्बाइड बर (ग्राइंडरचे कापणारे टोक) भिंतीला टेकवला की काही क्षणांतच त्याच्या खाचांमध्ये धातू भरून बसतो. मग तो कापत नाही, नुसता उड्या मारतो आणि भिंतीवर लाटा उमटतात. दुसरे म्हणजे मॅनिफोल्डची (पोर्टपर्यंत हवा आणणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट हेडवर ठेवून रेघ मारली, तर ती पोर्टच्या तोंडापासून चहूबाजूंनी साधारण ३ मिमी बाहेर पडते. तिथपर्यंत घासावे की नाही? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनीच कृपया नेमके उत्तर द्यावे. तयार हेड विकत घेण्याचा सल्ला नको आहे. गाडी लवकर जोडायची आहे.

कानसवाला
धाग्यात बरेच काही लिहायचे राहिले आहे. हेड बिडाचे आहे की अ‍ॅल्युमिनियमचे? प्रत्येक सिलिंडरला व्हॉल्व्ह दोन की चार? कार्ब्युरेटर आहे की इंजेक्शन? कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचाच आहे का? बर कोणत्या खाचांचा आहे? हे कळल्याशिवाय जो उत्तर देईल तो अंदाजच करील.

चकचकीत
पोर्ट कसाही असो, माझा अनुभव एकच सांगतो. आतला पृष्ठभाग आरशासारखा होईपर्यंत पॉलिश करा. आधी ८० नंबरचा कागद, मग चढत्या क्रमाने बारीक कागद आणि शेवटी बफ. हवेला अडथळाच उरला नाही की इंजिन मोकळे श्वास घेते, आणि बराच्या लाटाही त्यातच निघून जातात.

दोन नळ्या
चकचकीत यांच्याशी इनटेकच्या बाबतीत असहमत आहे. ज्या इंजिनात इंधन पोर्टमधूनच आत जाते, त्यात इंधनाचे काही थेंब भिंतीवर बसतात. भिंत थोडी खरखरीत असेल तर ते पुन्हा हवेत मिसळायला मदत होते. अगदी गुळगुळीत भिंतीवर ते ओघळून एकत्र येण्याचा संभव वाढतो, विशेषतः इंजिन थंड असताना. म्हणून इनटेक ६० किंवा ८० नंबरच्या कागदावर सोडून द्यावा. एक्झॉस्ट मात्र खुशाल चकचकीत करावा, कारण तिथे इंधन मिसळायचे नसते आणि काजळी कमी धरते. शिवाय पॉलिशने लाटा जात नाहीत, त्या फक्त चमकू लागतात. लाटा आकारातला दोष आहेत आणि त्या बरानेच काढाव्या लागतात.

चकचकीत
थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनाला हा नियम कसा लागू होईल? तिथे पोर्टमधून फक्त हवा जाते.

दोन नळ्या
तिथे लागू होत नाही, हे मान्य. पण धागाकर्त्यांचे इंजिन तसे आहे असे त्यांनी कुठे म्हटलेले नाही.

गॅरेजप्रेमी
हेड अर्थातच अ‍ॅल्युमिनियमचे आहे. १३०० सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, इंजेक्शन पोर्टमध्येच आहे. कॅमशाफ्ट मूळचाच राहील. गाडी रोज वापरायची आहे. बर आडव्या-उभ्या फुलीच्या खाचांचा आहे. आता तरी मूळ प्रश्नांकडे वळावे.

कानसवाला
पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. फुलीच्या बारीक खाचांचा बर बीड आणि पोलाद यांच्यासाठी असतो. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने त्याचा कीस त्या खाचांत दाबला जातो आणि तिथेच चिकटतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी एकाच दिशेच्या, मोठ्या आणि खोल खाचांचा बर मिळतो, तो घ्या. त्यालाही अधूनमधून वंगण लागते. रॉकेल शिंपडले तरी काम होते. भरलेला बर पितळी ब्रशने साफ करा.

मेणबत्ती
बंद खोलीत विजेच्या ग्राइंडरजवळ रॉकेल शिंपडू नका. त्या मोटरच्या ब्रशपाशी ठिणग्या उडत असतात. फिरता बर क्षणभर मेणावर टेकवून मग पोर्टमध्ये न्या. मेण खाचांत पसरते, कीस चिकटत नाही आणि हवेत वाफही होत नाही. दुसरे, लांब दांड्याचा बर पोर्टबाहेर पूर्ण वेगाने मोकळा फिरवू नका. दांडा वाकून बर भिरकावला जातो. टोक आत नेऊन मगच वेग वाढवा. डोळ्यांना बंद चष्मा आणि नाकातोंडाला धूळ अडवणारा मास्क हवाच.

सीसीमापक
ज्वलनकक्षाचा विचार कोणी करत नाही, म्हणून लिहितो. १३०० सीसीच्या चार सिलिंडरांत प्रत्येकी ३२५ सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली आणि वर असतानाच्या जागांचे गुणोत्तर) ९ असेल तर पिस्टन वर असताना उरणारी जागा साधारण ४०.६ सीसी असते. कक्ष घासून त्यात फक्त २ सीसी वाढवले, तरी रेशो सुमारे ८.६ वर उतरतो. ब्युरेट (द्रव मोजून सोडणारी नळी) आणि छिद्र पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी घेऊन चारही कक्ष मोजावेत आणि मग हेडचा पृष्ठभाग किती उतरवायचा ते ठरवावे.

गॅरेजप्रेमी
माहिती चांगली आहे, परंतु मी कक्षाला हातही लावणार नाही. मेण आणि नवा बर दोन्ही करून पाहतो. गॅस्केटच्या रेघेचे काय?

दोन नळ्या
त्या रेघेपर्यंत जाऊ नका. गॅस्केटचे छिद्र मुद्दामच पोर्टपेक्षा मोठे ठेवलेले असते, म्हणजे जोडणीत ती थोडी सरकली तरी कड हवेच्या वाटेत येत नाही. ती रेघ म्हणजे पोर्टचे योग्य माप नव्हे. तोंड ३० मिमी व्यासाचे धरा. चहूबाजूंनी ३ मिमी घासले की व्यास ३६ होतो आणि क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते. तेवढ्याच हवेचा वेग तिथे जवळपास तिसऱ्या हिश्शाने उतरतो. पुढे व्हॉल्व्हजवळ वाट पूर्वीइतकीच अरुंद असल्याने हवा जास्त जात नाही. मूळ कॅमच्या रोजच्या गाडीत कमी फेऱ्यांवरची ओढ मात्र जाते. भिंतीपलीकडे पाण्याची वाट आहे आणि बोल्टचे छिद्रही जवळच असते, हा धोका वेगळाच.

कानसवाला
सहमत, पण एक भर घालतो. रेघ गॅस्केटची नको, मॅनिफोल्डची हवी. इनटेकला मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या तोंडापेक्षा मोठे असेल तर हेडची कड हवेला सामोरी येते. तेवढीच कड उतरवा आणि आत थोड्या अंतरापर्यंत निमुळती मिसळून टाका. हेडचे तोंड किंचित मोठे असले तर काहीच करू नका.

सीटकाप्या
सगळेजण तोंडापाशीच का थांबलात? खरा फायदा व्हॉल्व्हच्या मागच्या खोलगट भागात आहे. सीटची कडी, म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर बसतो ती, जिथे ओतकामाला मिळते तिथे बहुतेक हेडमध्ये एक पायरी राहिलेली असते. बोट आत घालून फिरवले की ती नखाला लागते. ती पायरी मिसळून टाका. सीटखालचा गळा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के ठेवतात. त्यापुढे गेलात तर सीटला आधार उरत नाही. पोर्ट जिथे व्हॉल्व्हकडे वळतो, त्या वळणाची आतली बाजू फार घासू नका. ते वळण धारदार असेल तर फक्त गोल करा, खाली उतरवू नका, कारण हवा तिथेच भिंत सोडते. गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीभोवतीचा) उंचवटा बाजूंनी निमुळता करा. तो सपाट करून टाकला तर गाइडचा आधार जातो.
व्हॉल्व्ह सीट पुन्हा कापून घेणार आहात ना?

गॅरेजप्रेमी
नाही, फक्त पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून बसवणार होतो. तेवढे पुरत नाही का?

सीटकाप्या
बराचा ओरखडा सीटच्या ४५ अंशांच्या पट्टीवर पडला नसेल तर पुरू शकते. पडला असेल तर पेस्टने तो निघेपर्यंत व्हॉल्व्हची कडही झिजेल. अशा वेळी मशीनवर ३०, ४५ आणि ६० अंशांचे तीन काप घ्यावेत. कोणत्याही मार्गाने गेलात तरी स्प्रिंगसह व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि कक्षाच्या बाजूने पाहा. व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली तर हेड चढवू नका.

गॅरेजप्रेमी
हे पटले. तोंडाचे काम तिथेच थांबवतो. आता चारही पोर्ट सारखे कसे राखायचे? माझ्याकडे हवेचा प्रवाह मोजणारे यंत्र नाही.

मेणबत्ती
एक पोर्ट पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका. एक टप्पा चारही पोर्टमध्ये एकाच बराने करा, मग पुढचा टप्पा घ्या. जाड पुठ्ठ्याचे साचे कापून पहिल्या पोर्टच्या गळ्याला आणि मधल्या भागाला बसवून पाहा, आणि तेच साचे बाकीच्या तिन्हीत फिरवा. फट दिसेल तिथेच घासा. जोडण्याआधी गाइड आणि तेलाच्या वाटा साबणाच्या पाण्याने धुऊन हवेने उडवा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही.