मदत हवी आहे: एएची मीटिंग नक्की भरते कुठे? (अर्जंट)

घाईत_आहे
दारू सोडण्यासाठी एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे ग्रुप) जवळची मीटिंग कशी शोधायची कोणी नीट सांगेल का. साइटवर एका शाळेचा पत्ता होता, काल संध्याकाळी गेले तर गेटला कुलूप, वॉचमन म्हणे इथे असलं काही भरत नाही. हेल्पलाइन नुसती वाजते. गेल्या आठवड्यात दुसरीकडे गेले होते, तिथे माणसं होती पण मला दारातूनच परत पाठवलं, आज बसता येणार नाही म्हणे. मदतीसाठीच बसलेत ना हे लोक? लेक्चर नको, कुठे आणि किती वाजता तेवढं सांगा.

जुनाच_मेंबर
शहर?

घाईत_आहे
नाही टाकणार, नात्यातले लोक इथे वाचतात. पद्धत सांगा, शोधते मी.

जुनाच_मेंबर
बरं. ग्रुपची स्वतःची जागा नसते, शाळा, चर्च, कुठलातरी हॉल मागून घेतात आणि तो बदलला की साइटवर बदलायला कोणी स्वयंसेवकच लागतो, पगारी माणूस नसतो. बोर्डही मोठा लावत नाहीत, नाव गुप्त ठेवायचं असतं म्हणून. वॉचमनला ‘एए’ म्हणून कळत नाही, ‘संध्याकाळी कोणी लोक वर्गात बसतात का’ असं विचारा, बऱ्याचदा मागच्या दाराने जातात. हेल्पलाइन पण मेंबरच आळीपाळीने बघतात, मेसेज टाकून ठेवा. आणि सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा, त्यांच्याकडे चालू ग्रुपचे नंबर असतात. फी नाही, नावनोंदणी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

निशाचर_७
ताई संकोच वाटत असेल तर काही ठिकाणी फक्त बायकांच्या मीटिंग पण असतात. ऑनलाइन तर रात्री-अपरात्री पण मिळते, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. पहिलं पाऊल तुम्ही उचललंत हेच मोठं.

स्पष्टवक्ता
एएत सगळं देव देव असतं. त्यांचा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम असतो, त्यातल्या अर्ध्यात तोच. स्मार्ट रिकव्हरी बघा, त्यात विचार आणि सवयींवर काम करून घेतात, पायऱ्या नाहीत की स्पॉन्सर (नवख्याला मार्ग दाखवणारा जुना मेंबर) नाही.

जुनाच_मेंबर
कधी बसलायत का मीटिंगला? ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ असं लिहिलंय. आमच्या ग्रुपात पक्के नास्तिक आहेत, ते ग्रुपलाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. सोबर आहेत, बास.

स्पष्टवक्ता
म्हणजे शेवटी मानायचंच ना काहीतरी.

पानं_चाळणारा
थोडी माहिती. एए १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला सुरू झालं, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूडे. सर्जनने शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून, तोच स्थापना दिवस धरतात. अजून हवं तर लिहितो.

घाईत_आहे
अहो मी पीत नाही!! नवऱ्यासाठी शोधतेय. तो यायला तयार नाही म्हणून आधी मी बघून येते म्हटलं.

जुनाच_मेंबर
हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना बाई. तुम्हाला दारातून परत पाठवलं ती क्लोज्ड मीटिंग असणार, तिथे फक्त पिणारे किंवा सोडलेले बसतात. ओपन मीटिंगला कोणीही येऊ शकतं, फोन लागला की तेच आधी विचारा. आणि तुमच्यासाठी अल-ॲनॉन आहे, घरच्यांचा वेगळा ग्रुप, १९५१ पासूनचा. नवरा सोडो न सोडो, तुम्ही जाऊ शकता.

एकच_उपाय
मीटिंगबिटिंग सोडा, गोळी मिळते, जेवणात कालवून द्या, कळत पण नाही. प्यायला की उलट्या होतात, आपोआप सुटते. आमच्या काकांना असंच दिलं.

रात्रपाळी_नर्स
असले सल्ले देऊ नका हो. ती डायसल्फिरम. माणसाला न सांगता दिली आणि वर तो प्यायला तर बीपी धाडकन खाली येतं, जीव जाऊ शकतो. डॉक्टरने तपासून, त्याला सांगून, त्याच्या मर्जीनेच देतात.

एकच_उपाय
काका ठणठणीत आहेत.

घाईत_आहे
गोळीचा प्रश्नच नाही, त्याने परवा रात्रीपासून दारू स्वतःच बंद केलीय. रोजची सवय होती, सकाळपासूनच. आता हात इतके थरथरतात की कप बशीवर वाजतो, घामाने शर्ट ओला. काल रात्री भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणून झटकत बसला, झोप नाही. म्हणून तर घाई आहे, परत प्यायच्या आत मीटिंगला बसवायचंय.

रात्रपाळी_नर्स
ताई मीटिंग राहू दे, आत्ता इमर्जन्सीला न्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, बडबड, ताप, त्याला डिलिरियम म्हणतात, घरी सांभाळायची गोष्ट नाही ती. घरातली झोपेची गोळी देऊ नका, एकटं सोडू नका. शेवटची कधी प्यायला, रोज किती, आधी फिट आली होती का, हे लपवू नका तिथे. बी१ व्हिटॅमिनचं इंजेक्शन देतील, थरथर उतरायची औषधं देतील.

घाईत_आहे
निघतोय. दीर येतोय गाडी घेऊन.

स्पष्टवक्ता
हेच म्हणत होतो, आधी मेडिकल मग बाकीचं.

निशाचर_७
कधी म्हणालात? तुम्ही देवावर भांडत होतात.

घाईत_आहे
ॲडमिट करून घेतलं, सलाइन चालू आहे, आत्ता झोपलाय. सिस्टर म्हणाल्या आठवड्यातून एकदा ग्रुपची माणसं वॉर्डातच येऊन मीटिंग घेतात. त्यात बायकोला बसू देतात का?

जुनाच_मेंबर
बहुतेक देतात, पण आल्या आल्या त्यांनाच विचारा. आणि जो माणूस येईल त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा, घरी सोडल्यावर पहिल्या मीटिंगला न्यायला तोच येईल, पत्ते शोधत फिरायला नको.