उसाच्या पट्ट्यातलं तुमचं गाव : अनुभव लिहा

यवतमाळ म्हटलं की लोकांना कापूसच आठवतो. पण पुसद, उमरखेड, महागाव तालुक्यांत पैनगंगेकाठी, कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो. अशा गावात वाढला असाल, नांदत असाल, नोकरी केली असेल तर लिहा.

शेतकरी, उमरखेड तालुका
आमचा ऊस को ८६०३२ जातीचा, सुरू म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची लागवड. १२ महिन्यांत तोड यायला हवी. एका साली जवळचा कारखाना बंद पडला आणि दुसऱ्याची ऊसतोड मजुरांची टोळी मार्च सरत आला तरी येईना. उसाला तुरे आले, पांगशा म्हणजे कांड्यांवर बाजूचे कोंब फुटले. बाबा रोज सांजेला बांधावर जाऊन एक कांडं मोडून बघायचे. आत पांढरी दशी दिसली की न बोलता घरी यायचे. पैसा वजनावर मिळतो आणि वजन तर उभ्या पिकातच घटत होतं. शेवटी टोळीला वरून पैसे दिले, तेव्हा फडात कोयता लागला. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची असा नियम आहे. आमचा हप्ता पोळ्याला आला. पेरणी उसनवारीवर झाली. याचा राग आजही जात नाही.

शिक्षिका, महागावकडची
दिवाळी झाली की बंजारा तांड्यावरचे आईबाप कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि पोरंही सोबत. आजीजवळ राहिलेलं पोर मात्र शाळेत टिकतं. म्हणून दिवाळीआधीच मी घरोघर फिरते. "याडी (आई), पोरीला ठेवून घे, अभ्यासाचं मी बघते," एवढंच आजीला म्हणते. काही आज्या ऐकतात.

पुसदजवळून
आमच्या घरी म्हशी हायेत. तोड लागली का वाढ्याले, म्हंजे उसाच्या हिरव्या शेंड्याले, तोटा नसते, माय सकाळीच भारे बांधून आनते. तेवढे दिवस कुटार, म्हंजे वाळला चारा, वाचते. पुढं उन्हाळ्यात तेच कामी येते.

सासर उसाचं, माहेर पऱ्हाटीचं
माहेरी घाटंजीकडे कापूस वेचायला बायांना रोज काम असतं. इथे बेणं टाकणं आणि निंदण झालं की बाईच्या हाताला फारसं काही उरत नाही. पण मला लिहायचं आहे ते ट्रॉल्यांबद्दल. हंगामात रात्री रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी असते, मागे दिवा नाही, ऊस बाहेर आलेला. आमच्या गल्लीतला पोरगा दुचाकीसकट तिच्यावर आदळला. वाचला, पण पाय गेला. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर हंगामाआधी ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर लावून घ्या.