आखाजीच्या गाण्यांची डीव्हीडी कॉम्प्युटरवर चालते, प्लेअरवर अडकते

चोपडेकर_भाऊ
नमस्कार मंडळी. माय आता ७६ वर्षांची आहे. झोक्यावरची, गौराईची गाणी तिला तोंडपाठ, आणि तिच्यामागे आमच्या घरात ती कुणाला येत नाहीत. म्हणून यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आल्या तेव्हा डब्यांवर मोबाइल टेकवून सगळं रेकॉर्ड केलं. ७० मिनिटं भरली. मधे मधे मिक्सरचा आवाज आहे, आमरस चालला होता, ते जाऊ द्या.

‘पेन ड्राइव्ह दे ना’ म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो. पारोळ्याच्या फुईकडे (आत्याकडे) अजून डब्बा टीव्ही आहे, त्याला यूएसबीचं भोकच नाही. डीव्हीडी प्लेअर मात्र आहे आणि त्यावर तिने स्वतः विणलेला रुमाल असतो.

आधी एमपी४ फाइल तशीच डिस्कवर टाकली, ती प्लेअरने घेतलीच नाही. मग डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर, डीव्हीडीस्टायलर, शिकलो. क्वालिटी कमी नको म्हणून बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट डेटा) ८५०० ठेवला. एक डिस्क करून पाहिली ती आरडब्ल्यूवर (पुसून परत लिहिता येते ती), मग सहा साध्या, एकदाच लिहायच्या डीव्हीडी प्लस आर, १६ एक्स स्पीडला. वर मायचा फोटो छापून गोल स्टिकर लावले. दिसायला एकदम झकास.

कॉम्प्युटरवर सगळ्या चालतात. घरच्या प्लेअरवर मात्र सहाही डिस्का ५५व्या मिनिटाच्या आसपास चौकोन चौकोन दाखवतात आणि थांबतात. आणि फुईकडे गडबडीत ती आरडब्ल्यूवाली गेली, तिथे नुसतं ‘नो डिस्क’. तिचा फोन आला : “भाऊ, तुन्ही सीडी चालस नही.” काय करू?

शूटिंगवाला_धुळे
दादा, आधी ते स्टिकर. कॅसेटच्या जमान्यापासून लग्नाचं शूटिंग करतोय, हा मार मीही खाल्लाय. एका नवरदेवाच्या बापाने भर मांडवात ऐकवलं होतं.

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. म्हणजे तुमचं ५५ मिनिटांनंतरचं सगळं काठाजवळ. कागदी स्टिकर केसभर जरी एका बाजूला सरकलेला असला तरी डिस्क फिरताना डगमगते, आणि सर्वांत जास्त डगमगतो तो काठच. त्यात आपल्याकडचं ऊन. डिंक आणि कागद ताणले की डिस्क वाकते. सहाही एकाच ठिकाणी अडकतात म्हणजे ओरखडा नाही, ओरखडे असे ठरवून पडत नाहीत.

स्टिकर सोलत बसू नका, सोलताना डिस्क आणखी वाकते. नवीन मारा, नाव डिस्कसाठीच्या मार्करने लिहा. आणि १६ एक्स कशाला? ८ ला लिहा. चार मिनिटं जास्त लागली तर कुणाचा मुहूर्त टळत नाही.

बिटरेट_बापू (भुसावळ)
स्टिकरचं बरोबर, पण भाऊंनी दुसरी चूकही स्वतःच लिहून ठेवलीय. ८५०० अधिक आवाजाचे धरा ३८४. ७० मिनिटांचे ४२०० सेकंद. हिशेब केला तर सुमारे ४.६६ जीबी होतात. डिस्क ४.७ ची. म्हणजे पार कडेपर्यंत ठासून भरलीय! नियमात बसतं, पण जुन्या प्लेअरला घरी लिहिलेल्या डिस्कवरून इतका डेटा सलग ओढताना धाप लागते.

व्हिडिओ ५५०० आणि आवाज २२४ करा. ३ जीबीच्या आसपास बसेल, काठ कोराच राहील. डब्बा टीव्हीवर फरक दिसणार नाही, पॅलचं (आपल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचं) चित्रच ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, मोबाइलच्या बारकाव्यांना तिथे कोण विचारतंय?

फुईचा ‘नो डिस्क’ हा वेगळा आजार. आरडब्ल्यूवरून प्रकाश फार कमी परततो, जुन्या प्लेअरची लेझर तिला ओळखतच नाही. डिस्क शेवटी क्लोज (लिहिणं पूर्ण करून बंद) न करताही असं होतं, पण तुमच्या बाकीच्या सहा डिस्का घरच्या प्लेअरवर सुरू होतात म्हणजे तिथे गडबड नसावी. साध्या डीव्हीडी मायनस आर घ्या, काही जुने प्लेअर प्लस आर पाहून नाक मुरडतात. लिहायला इम्गबर्न हे सॉफ्टवेअर वापरा आणि त्यातली व्हेरिफायची (लिहिलेलं तपासून बघण्याची) खूण काढू नका.

नुसतं_वाचणारी
पाठवण्याआधी फुईंना एक विचारा, विकतची सिनेमाची डीव्हीडी तिथे चालते का? तीही अडकत असेल तर लेन्सवर धूळ आहे, रुमालाने ती थांबत नाही. डिस्क पुसायची तर मधून काठाकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. आमच्या आईने पदराने गोल पुसून मुंजीची डिस्क घालवली.

चोपडेकर_भाऊ
सगळ्यांना उत्तर एकदमच देतो.

बापूंच्या हिशेबाने ५५०० वर केली, ३ जीबी झाली, मायनस आर, ८ एक्स, स्टिकर नाही. व्हेरिफायला एक डिस्क नापास झाली, ती बाद केली. घरच्या प्लेअरवर शेवटपर्यंत बघितली, ७० मिनिटं, मिक्सरसकट. ५५व्या मिनिटाला मी रिमोट हातात घेऊन बसलो होतो, माय म्हणाली, “आता बंद करशी का काय?”

फुईची सिनेमाची डीव्हीडी व्यवस्थित चालते, तेव्हा लेन्स ठीक. नवी डिस्क भाच्याच्या हातून पारोळ्याला पाठवली. काल रात्री तिचा फोन आला. पूर्ण चाललीय. पण तिसऱ्या गाण्यात वहिनीने (म्हणजे मायने) एक ओळ चुकीची म्हटलीय म्हणे, खरी ओळ वेगळी आहे, आणि ती फक्त फुईलाच येते.

मायला सांगितलं तर ती म्हणते, चुकलं ते फुईचंच. आता मोबाइल घेऊन रविवारी पारोळ्याला जातोय. बापू, दोघींचं मिळून १०० मिनिटं झालं तर बिटरेट किती ठेवू?

बिटरेट_बापू (भुसावळ)
५००० ठेवा, आवाज तोच. ४ जीबीच्या आत राहील. आणि दोघींना एका खोलीत बसवू नका.