मदत हवी आहे: मोठ्या भावाचा अपघाती मृत्यू, भरपाईचा दावा कसा करायचा? (नागपूर)

वेणाकाठ

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे, अपघातात गेला. आज ४९ दिवस झाले. तो दुचाकीवर एकटाच होता, डोक्यावर हेल्मेट होतं. मागून टिप्परने धडक दिली. टिप्परचा नंबर (एमएच ४०) एफआयआरमध्ये आहे, ड्रायव्हर जागेवरच सापडला. दादा घरांच्या वायरिंगची कामं घ्यायचा, महिन्याला अठरा हजारांच्या आसपास सुटायचे. घरात वहिनी, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि आई.

अडलंय ते असं. घटनास्थळ पंचनाम्यात 'दुचाकी घसरून' असे शब्द आले आहेत. दादाने इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरलेलं नाही. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे आणि त्याप्रमाणे वय ४१ येतं, शाळेच्या टीसीवर मात्र ३९. टिप्परच्या ड्रायव्हरकडे फक्त हलक्या गाडीचं लायसन्स होतं, म्हणून विमा कंपनी एक रुपया देणार नाही असं कोणी कोणी सांगतात. आणि परवा विमा कंपनीकडून आलो असं सांगत एक माणूस घरी आला. महिनाभरात पाच लाख मिळवून देतो, वहिनींची इथे सही करा, म्हणाला. मुलांच्या फीची वेळ आहे, म्हणून वहिनींचं मन डळमळतंय. काय करावं?

काळीमाती

त्या कागदावर सही होऊ देऊ नका. बाकी सगळं नंतर.

पाच लाख ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ ची रक्कम आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख, अशी ती तरतूद. पण समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायची ती कलम १६६ खाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्या कलमाला एक परंतुक (अट) जोडलं गेलं. कलम १४९ च्या पद्धतीने (म्हणजे विमा कंपनीशी थेट तडजोड करून) १६४ ची रक्कम स्वीकारली, की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोरचा १६६ चा दावा संपतो. म्हणजे ती सही नुसती पावती ठरत नाही. तिने मोठा दावा बंद होतो.

तो दावा किती मोठा आहे ते आकड्यात बघा, वहिनींनाही दाखवा. पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवर चालते, सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७). महिना १८,००० म्हणजे वर्षाला २,१६,०००. स्वतःचा धंदा करणारा ४० च्या आतला असेल तर पुढच्या काळात वाढलं असतं ते उत्पन्न म्हणून ४० टक्के मिळवायचे: ३,०२,४००. अवलंबून असणारे चार ते सहा असतील तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: २,२६,८००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने (किती वर्षांचं उत्पन्न धरायचं तो आकडा) गुणायचं, वय ३६ ते ४० ला गुणक १५. झाले ३४,०२,०००.

त्यावर सहचर्य हानीपोटी (जवळच्या माणसाची साथ गेल्याबद्दल) प्रत्येकी ४८,४०० (पत्नी, दोन मुलं, आई धरून १,९३,६००), आणि संपत्तीची हानी व अंत्यसंस्कार मिळून ३६,३००. मूळ आकडे ४०,०००, १५,००० आणि १५,००० होते. दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ धरायची असं प्रणय सेठीतच ठरलंय, त्यातल्या २०२० आणि २०२३ च्या दोन वाढी मी धरल्या आहेत. एकूण ३६,३१,९००, आणि अर्ज दाखल केल्यापासूनचं व्याज वेगळं.

आता हाच हिशेब आधारवरच्या ४१ वयाने करून बघा. वाढ ४० ऐवजी २५ टक्के होते, गुणक १५ चा १४ होतो, आणि ३४,०२,००० चे २८,३५,००० उरतात. एका जन्मतारखेने पोरांचे ५,६७,००० जातात. म्हणून अर्जात, पोलिसांच्या फॉर्ममध्ये, सगळीकडे टीसीचीच तारीख लिहा आणि टीसीची प्रत शाळेकडून नव्याने साक्षांकित करून घ्या. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याला वजन द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्याच प्रकरणात सांगितलेलं आहे. मात्र तुम्हीच एका कागदावर ३९ आणि दुसऱ्यावर ४१ लिहिलं, तर उलटतपासणीत तेच पुढे येईल. शवविच्छेदन अहवालात आणि मरणोत्तर पंचनाम्यात वय काय पडलंय तेही आजच बघून ठेवा. तिथे बहुतेक वेळा नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेलं वय असतं.

वेणाकाठ

मरणोत्तर पंचनाम्यात 'अंदाजे ४२' आहे. आता ते बदलता येईल का?

काळीमाती

बदलायच्या मागे लागू नका. 'अंदाजे' शब्द आहे ना, मग टीसी त्याच्यावर भारी पडते. शाळेचा लिपिक किंवा मुख्याध्यापक दाखलखारीज रजिस्टर घेऊन साक्षीला येऊ शकतात, वकिलांना तसा समन्स मागायला सांगा.

मेडिकल चौक

भाऊ, ४९ दिवस झाले म्हणता, तर पोलिसांच्या कागदांची घाई आहे. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राचे नियम असे आहेत: ४८ तासांत पोलिसांनी पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर. सविस्तर अहवालाला डीएआर म्हणतात. त्यात तुमच्याकडून फॉर्म ६ (वारसांनी भरायचा माहितीचा फॉर्म) भरून जावा लागते, आणि त्याची मुदत ६० दिवस. मुलं अल्पवयीन आहेत म्हणून सोबत ६ ए. म्हणजे तुमच्या हाती अकरा दिवस आहेत. तपास अधिकाऱ्याकडून फॉर्म मागून घ्या, भरा, प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा आणि देताना आवक शिक्का घ्या. शिक्का मिळत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

कलम १६६ (४) प्रमाणे हा अहवालच दाव्याचा अर्ज धरता येते. तरी तेवढ्यावर राहू नका. त्यात उत्पन्नाचा रकाना कोरा राहते, आई वारस म्हणून सुटून जाते. आपला स्वतंत्र अर्ज करा, नंतर दोन्ही एकत्र जोडले जातात. अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिने मुदत आहे. या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याचं काय होते ते बघत बसू नका, चौथ्या महिन्याच्या आत दाखल करा.

अर्ज सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयात. अपघात कुठेही होवो, दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज चालते. दावेदार म्हणून वहिनी, दोन्ही मुलं (वहिनींच्या पालकत्वाखाली) आणि आई, सगळ्यांची नावं पहिल्याच दिवशी टाका. अवलंबून असणारे तीन निघाले तर वजावट चौथ्याऐवजी तिसरा हिस्सा होते. वारसा प्रमाणपत्रासाठी थांबायची गरज नाही. समोर टिप्परचा मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनी.

सावनेरकर

पंचनाम्याबद्दल लिहितो, कारण हा दावा अडला तर तिथेच अडेल. 'दुचाकी घसरून' हे शब्द कंपनीचा वकील पहिल्या तारखेलाच वाचून दाखवेल. चूक तुमच्या भावाची, निदान अर्धी तरी, असं म्हणेल. न्यायाधिकरणाने ५० टक्के सहभागी निष्काळजीपणा धरला तर वरच्या ३६ लाखांचे १८ होतात.

याला उत्तर गाडीच देते. दुचाकी अजून ठाण्याच्या आवारात असेल तर सुपूर्दनाम्यावर (ताब्यात घेताना द्यायच्या हमीपत्रावर) सोडवून आणायची घाई करू नका, दुरुस्ती तर मुळीच नको. आधी फोटो. मागचा मडगार्ड आत दबला आहे का, नंबर प्लेट दुमडली आहे का, टेललाइट फुटून टिप्परचा रंग कुठे लागला आहे का. घसरलेल्या गाडीचं फुटरेस्ट, हँडलचं टोक आणि सायलेन्सर एका बाजूने घासलेलं असतं. मागून मार बसलेल्या गाडीचा मागचा भाग पुढे आलेला असतो. हा फरक मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात शब्दांत उतरलेला असायला हवा. त्या अहवालाची प्रत मागा. टिप्परच्या पुढच्या बंपरची उजवी-डावी बाजूही त्यात नोंदलेली असते, दोन्ही खुणांची जमिनीपासूनची उंची जुळली की 'घसरून' शब्दाचा जोर जातो.

दुसरं, पुरवणी जबाब. ज्याने धडक पाहिली तो पानटपरीवाला असेल, मागचा ट्रकवाला असेल, त्याचा जबाब तपास अधिकाऱ्याने घेतला आहे का बघा. नसेल तर ठाणेदारांना लेखी अर्ज द्या: साक्षीदार अमुक, पत्ता अमुक, जबाब नोंदवावा. तसाच एक अर्ज आजूबाजूच्या पेट्रोल पंप, धाबा, कंपनीच्या गेटवरचं सीसीटीव्ही चित्रीकरण जप्त करण्यासाठी. बऱ्याच ठिकाणी महिनाभरात चित्रीकरण आपोआप पुसलं जातं, पण विचारल्याशिवाय सोडू नका. दोषारोपपत्र ड्रायव्हरविरुद्ध गेलं (भारतीय न्याय संहिता कलम १०६ आणि २८१), की दाव्यात तो भक्कम आधार होतो. फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत मात्र दावा थांबत नाही, आणि इथे पुरावा फौजदारीइतका काटेकोर लागतही नाही.

हेल्मेट जप्ती पंचनाम्यात आलंय का तेही बघा.

वेणाकाठ

हेल्मेट घरी आहे. दवाखान्यातून कपड्यांसोबत पिशवीत दिलं होतं, मागच्या बाजूने तडकलेलं आहे.

सावनेरकर

धुऊ नका, पुसू नका. तसंच पिशवीत ठेवून तपास अधिकाऱ्याकडे लेखी पत्राने जमा करा आणि जप्ती पंचनामा करायला सांगा. देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा.

काळीमाती

लायसन्सचं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं. टिप्परच्या आरसीवर एकूण वजन किती ते बघा, बहुतेक टिप्पर याहून बरेच जड असतात. तसं असेल तर कंपनी पॉलिसीच्या अटभंगाचा बचाव घेईल. पण तिसऱ्या पक्षाच्या (इथे तुमच्या भावाच्या) बाबतीत न्यायाधिकरणं सहसा 'आधी कंपनीने भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतात. वकिलांनी हा आदेश अर्जातच मागितलेला असावा. कंपनीचं नाव आणि पॉलिसीची मुदत एम-परिवहन अ‍ॅपवर टिप्परचा नंबर टाकून दिसते. पॉलिसी अपघाताच्याच तारखेला सुरू झालेली असेल तर ती किती वाजता सुरू झाली तेही तपासा. आणि विमाच नसेल तर मालकाने पुरेसं तारण दिल्याशिवाय टिप्पर सोडू नये असा लेखी अर्ज लगेच द्या, नियम तसा आहे. गाडी सुटली की मालकाच्या मागे फिरणं फार अवघड.

उमरेडवाली

उत्पन्नाच्या पुराव्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. रिटर्न नसलं की किमान वेतनाच्या आसपास उत्पन्न धरलं जाण्याची भीती असते, आणि वरचा सगळा हिशेब त्या एका आकड्यावर उभा आहे. दादांचं बँक पासबुक मागच्या तीन वर्षांचं काढा. फोन-पे, गुगल-पे वर कामाचे पैसे येत असतील तर तो उतारा. ज्या इलेक्ट्रिकल दुकानातून वायर, स्विच, एमसीबी नेत असत त्याची उधारीची वही किंवा बिलं. वायरमन परवाना किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र असेल तर कुशल कामगार म्हणून दर धरायला उपयोग होतो. ज्यांच्या घरी कामं केली त्यांच्यापैकी दोघे जण साक्षीला यायला तयार असावेत, नुसतं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेलं फार टिकत नाही. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असेल तर ते कार्डही शोधा, त्या मंडळाची मदत वेगळी मिळते.

फी आणि वकील: मिळणाऱ्या रकमेतला टक्का फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. असा करार कोणी पुढे केला तर सही नको. कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या चेकवर तर नकोच. वहिनींना महिला म्हणून, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे. लोकअदालतीत तडजोड सुचवतील, ती वाईट नसते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. वर काळीमाती यांनी मांडलेला हिशेब कागदावर लिहून सोबत न्या आणि खाली किती उतरायचं ते घरूनच ठरवून जा.

फीची नड आत्ताची आहे, हे समजते. दादांच्या बचत खात्याचं पासबुक उघडून मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला २० रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख. ४३६ रुपये असतील तर जीवनज्योती, तीही दोन लाख. ही रक्कम घेतल्याने १६६ च्या दाव्याला धक्का लागत नाही.

वेणाकाठ

पासबुक आत्ता काढलं. १ जूनच्या समोर २०.०० लिहिलेलं आहे. ४३६ कुठे दिसत नाही.

उमरेडवाली

मग उद्या त्याच शाखेत जा. दावा अर्ज, मृत्यू दाखला, एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, वहिनींचं आधार आणि पासबुक. वारसदार म्हणून कोणाचं नाव नोंदवलंय ते शाखेत विचारा. शक्यतो ३० दिवसांत कळवायचं असतं, ते उलटून गेलेत, म्हणून उशिराचं कारण एका साध्या पत्रात लिहून सोबत लावा: शवविच्छेदन अहवाल अमुक तारखेला हाती आला, असं. अर्ज घेणार नाही म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांकडून तसं लेखी मागा.